पाठमोरा किनारा

पाच दिवसांसाठी भाड्याची गाडी, पांढरी,
डाव्या दाराला आधीच एक पोचा (फोटो काढून ठेवलाय).
मागच्या सीटवर आई, मांडीवर लेस विणायची उशी,
लाकडी रिळांची टकटक
वळण आलं की थांबते, वळण संपलं की सुरू.
माझ्या शेजारी बाबा.
एक्केचाळीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस
सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून बसलाय.

गालिसियाचा हा सगळा किनारा त्यांना पाठ आहे.
त्याची पाठ मात्र त्यांनी कधी पाहिली नाही.

म्हणून दर दीपगृहाशी, "साबेला, थांबव."
उतरतात, वळसा घालून मागे जातात.
विलानच्या मागे गॅसच्या टाक्या, एक झाडू,
उन्हात पसरलेलं करडं मांजर.
"याच्या भरवशावर मी रात्री काढल्या," म्हणाले,
आणि मांजराला नमस्कार केल्यासारखी टोपी उचलली.

दोंबातेला दगडांचं थडगं, छपराखाली जपलेलं.
माहिती सांगणारी मुलगी हजारांत वर्षं मोजत होती.
बाबांनी एवढंच विचारलं, दार कुठल्या दिशेला?
पूर्वेला, ती म्हणाली.
"शहाणी माणसं. वाऱ्याकडे पाठ करून निजली."
मुलीनं ते वहीत लिहून घेतलं.

आई कुठेच उतरली नाही.
"दगड मी घरीही पाहिलेत."
पण मुशियाला उतरली.
तिथे समुद्राकाठी एक वाकडा खडक आहे, शिडासारखा,
त्याच्याखालून नऊ वेळा गेलं की पाठदुखी जाते म्हणतात.
आई काळ्या स्कर्टचा घोळ आवरून वाकली.
बाबा मोठ्यानं मोजत होते, जाळी ओढताना मोजतात तसं.
चौथ्या फेरीला ती खडकाखालीच बसून राहिली.
"उरलेल्या पाच उद्या," आतून आवाज आला.
आमच्यामागे दोन जर्मन पोरं रांगेत उभी,
पाठीवर आपापल्या घराएवढ्या पिशव्या.

फिस्तेरा, संध्याकाळ.
सगळी गर्दी पश्चिमेला तोंड करून,
फोन उंच, वारा असा की डोळ्यांत पाणी.
एकटे बाबा उलटे उभे,
मावळत्या सूर्याकडे पाठ, बघतायत जमिनीकडे.
काय शोधताय?
"खुणा. पाण्यावर खूण करता येत नाही, पोरी.
जमिनीवर ठेवावी लागते.
देवळाचा घंटामनोरा आणि आपल्या घराची पांढरी भिंत
एका रेषेत आली की खाली खडक,
खडकाच्या बिळात ऑक्टोपस.
तीस वर्षांत एकदाच चुकलो.
तुझ्या आईनं भिंत पिवळी केली, सांगितलं नाही.
तासन् तास फिरलो. टोपल्या रिकाम्या.
मनोरा होता, घर नव्हतं."

ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय.
लग्नांत, बारशांत, दोन मयतांतसुद्धा.
सगळे हसतात, आई पानं वाढत राहते.

आज आई गाडीची काच खाली करून म्हणाली,
"मुद्दाम केली होती."

वाऱ्यामुळे बाबांना वाटलं चुकीचं ऐकू आलं.

"एवारिस्तो, मुद्दाम. रंगवाल्याला उधारीवर बोलावलं.
मला बघायचं होतं
बाहेर गेल्यावर तू घराकडे बघतोस तरी का."

"मग?"

"त्या दिवशी दोन तास उशिरा आलास."

तिनं काच वर केली.
गर्दीनं टाळ्या वाजवल्या, सूर्य बुडाला होता.
बाबा अजून टोपी हातात घेऊन उभे,
टक्कल लाल झालेलं,
तोंडानं काहीतरी मोजतायत.

परतीच्या रस्त्यावर रिळं पुन्हा वाजू लागली,
या वेळी वळणांवरही थांबली नाहीत.
गाडीतली बाई म्हणाली, चारशे मीटरवर उजवीकडे वळा.
"डावीकडे," बाबा म्हणाले.
डावीकडे रस्ता नव्हता, शेत होतं,
खांबांवर उभी दगडी कणगी
आणि बरंच खाली, अंधारात, लाटांचा आवाज.
मी गाडी थांबवली.